सात सेकंद

त्बिलिसीत, सातव्या मजल्यावर,
मी लोकांचं पाहणं पाहते.
त्याचा मला पगार मिळतो.

ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात
गुरियातली माणसं रात्री अकरानंतर
मटण शिजवण्याचे व्हिडिओ बघतात,
आणि सण उजाडला की ती रेघ धाडकन खाली येते.
हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा
वाख्तांगी इतका हसला की चहा सांडला.
मग मला बढती मिळाली.

झुगदिदीत खुनाच्या मालिका शेवटून बघतात:
आधी खुनी, मग खून.
द्राक्षं तोडायच्या दिवसांत तेलावीत कुणीच काही बघत नाही,
फक्त एखाद्या घरात टीव्ही तसाच राहतो
आणि रिकाम्या खोलीला विचारतो,
तुम्ही अजून पाहत आहात का?

मे महिन्यात नवा नियम आला.
एक खातं म्हणजे एक घर.
एक घर म्हणजे एक छप्पर.
ज्यांना दोन छपरं, त्यांची यादी शुक्रवारपर्यंत.

यादीत बाराशे सात.
त्यातलं एक: कुताइसी आणि बारी.
कुताइसी आमचं. बारी इटलीतलं, समुद्राकाठचं,
जिथे आमच्या बायका
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळतात.

एकच खातं, एकच तुर्की मालिका, दोन पडदे.
तिथे पावणेनऊ, इथे पावणेअकरा.
रोज मध्येच बारीत पॉझ दाबला जातो.
सात सेकंदांनी कुताइसीत.
दहा-बारा मिनिटं दोन्हीकडे नायिकेचं तोंड
तसंच अर्धवट उघडं.
मग बारी सुरू,
मग कुताइसी.

सिस्टिमने कारण लिहिलं: नेटवर्कचा विलंब.
मी काही बोलले नाही.
पावणेनऊला म्हातारीला कुशीवर वळवायचं असतं.
माझ्या आईने थेसालोनिकीत नऊ वर्षं वळवली.
फोन उशीवर टाकून म्हणायची, थांब हं, आलेच,
आणि इकडे मी ऐकत राहायची
एका परक्या बाईचं कण्हणं,
आईची धाप, चादरीचा फटका.
सात सेकंद म्हणजे
थांबवलंस का गं?
हो, थांबवलं.

एका रात्री बारी थांबलं ते सुरूच झालं नाही.
कुताइसीही थांबलेलं.
पडद्यावर प्रश्न आला असणार,
कारण कुताइसीतून कुणीतरी दाबलं: हो.
पुन्हा आला. हो.
पहाटे दोनपर्यंत अकरा वेळा हो,
मालिका एका सेकंदानेही पुढे न सरकता.

यादी मी शुक्रवारी दिली.
बाराशे सात, एकही कमी नाही.
त्या ओळीवर बोट ठेवून बघितलं होतं,
पुसायचं बटण बाजूलाच होतं.
पण घराचा हप्ता पंधरा तारखेला असतो,
आणि सबबी मला आकड्यांइतक्याच चांगल्या जमतात.

जूनमध्ये नवे सभासद नऊ टक्क्यांनी वाढले.
केक कापला.
वाख्तांगीने मला अक्रोडांचा कोपरा दिला.

आता ती दोन खाती आहेत.
माझा कुठलाच आलेख त्यांना एका रेघेत आणत नाही.
मी हाताने शोधते,
शेजारची टेबलं रिकामी झाल्यावर,
घरी उशीर होईल असं कळवून.

वेळ बदललीय.
बारीत आता सव्वादहा: नवं घर असेल, नवी म्हातारी.
म्हणजे कुताइसीत सव्वाबारा,
जागायची वेळ नव्हे ही.

बारी, पॉझ: सोळा मिनिटं, नऊ सेकंद.
कुताइसी: सोळा मिनिटं, बारा सेकंद.

तीनच.

पोरगी सरावली.