ति ऱ्हस्व

नाचणेकर, मी वाचते, तुम्ही ऐका.
तेवीस वर्षं हेच तर केलं आपण
चर्नी रोडच्या मुद्रणालयात, खिडकीकडच्या टेबलावर.
माझ्या हातात मूळ प्रत, तुमच्या हातात मुद्रित.
मी स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं उच्चारायची,
इतकी, की भाजीवाल्यासमोरही तोंडून निघायचं
पाव किलो भेंडी पूर्णविराम.

नाव. पदनाम, मुद्रितशोधक. जन्मदिनांक.
अर्हताकारी सेवा: एकतीस वर्षं चार महिने,
वजा संपाचे बावीस दिवस.
वजा नाहीत, तुम्ही म्हणालात, नियमित झालेत ते,
आदेशाचं प्रूफ मीच वाचलंय,
'कालावधी'चा धी ऱ्हस्व पडला होता.
सेवापुस्तकात मात्र नोंद नव्हती.
आस्थापनेतल्या शिरगोपीकरनं माळ्यावरून गठ्ठा काढला,
चारदा शिंकला,
आणि लाल शाईत बावीस दिवस परत दिले.

आजार कधीपासून?
इथं कागदावरची तारीख लिहिते, मार्चची.
डावा डोळा त्याच्या दोन वर्षं आधी गेला, हे मला ठाऊक होतं.
तुमच्या पानांतून अनुस्वार निसटायला लागले होते.
तुम्ही पाच-बावन्नला उठायचात,
मी चष्म्याची डबी शोधायचं निमित्त करून थांबायची
आणि ते एकेक जागेवर बसवायची,
तुमच्याच वळणानं.
हे तुम्हाला आज सांगतेय.
रकान्यात लिहीत नाही.

शिरगोपीकर म्हणाला होता, काढू शकत नाहीत तुम्हाला,
कायदा आहे. आवक-जावकला बसा,
टपालावर शिक्के मारा, अठ्ठावन्नपर्यंत पूर्ण पगार.
मीही म्हटलं, घ्या. सात वर्षांचा पगार आहे,
मृण्मयीचं अजून दुसरंच वर्ष.
तुम्ही म्हणालात,
शिक्का उलटा पडला तर मला कळणार नाही.
एवढंच. जणू जगात उलट्या शिक्क्यानं कुणी मेलंय.
चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, आठवतंय?
रागच होता तो. अजून थोडा आहे.

जे. जे.च्या बाकावर आपण साडेतीन तास बसलो.
मंडळात तिघं. मधल्या बाईंनी विचारलं, बोटं किती?
तुम्ही म्हणालात, दोन.
दोनच होती.
बाहेर आल्यावर तुमचा हात गार.
अंदाजानं बोललो हो, म्हणालात,
बरोबर आलं, आता हे लोक मला धडधाकट ठरवतील.
जन्मभर दुसऱ्यांच्या चुका धरणारा माणूस
व्हरांड्यातल्या नळापाशी उभा राहून
आपण चुकलो नाही म्हणून घाबरला होता.

नाही ठरवलं. हे बघा,
म्हणजे ऐका:
"शासकीय सेवेकरिता पूर्णतः व कायमचे असमर्थ."
पूर्णतःचा विसर्ग आहे? आहे.
कायमचे की कायमचा? चे. आदरार्थी.
हसलात. बोर्डानं तेवढा मान ठेवला म्हणालात.

आता शेवटचा कागद. वर ठळक अक्षरांत मथळा,
रुग्णता निवृत्तिवेतन.
तुमचा अंगठा टेबलावर थांबला.
ति?

कानाला काय कळणार, नाचणेकर,
बोलताना दोन्ही सारख्याच.
मुंबईतल्या निम्म्या कचेऱ्यांत दीर्घ काढतात,
कुणाची पेन्शन त्यापायी अडत नाही.
इथंही दीर्घच आहे, छापील, हजार प्रतींतली एक.

ऱ्हस्व, मी म्हटलं.
आणि पर्समधलं लाल पेन काढून
वेलांटी हळूच खोडली, पहिली केली,
समासात आपली खूण.
कागदावर खाडाखोड म्हणून परत येईल कदाचित.
आला तर येईन मी पुन्हा.

पेन कसलं वाजलं? तुम्ही विचारलंत.

काही नाही. सही करा.
पट्टी धरलीय मी, तिच्या कडेकडेनं या.
अजून. अजून थोडं.
'र'पाशी जरा चढलात.
असू दे.