जादा नोंद

चोडणची फेरीबोट यायला अवकाश असला
की मी तुला तुझी गोष्ट सांगायचे.
रायबंदरच्या धक्क्यावर, स्कूटर बंद करून,
कधी कधी हेल्मेटमधूनच.
तू पुढे उभी, आरशाला धरून,
आणि सुरुवात दर वेळी तुझीच:
'मग सिस्टर लुर्दीसनी दार उघडलं.'

मग सिस्टर लुर्दीसनी दार उघडलं
आणि बाबाने चपला काढता काढता
एक पायरी चुकवली. (इथे तू हसायचीस.)
मडगावचं ते आवार, दोरीवर वाळणारे एकवीस लंगोट,
कधी तेवीस, तू मोजशील तेवढे,
आणि निळ्या दुपट्यात तू,
झोपलेली नव्हे. रागावलेली.

तिसऱ्या वर्षी एवढं पुरायचं.
पुढे तू विचारलंस, पोट कोणाचं होतं.
शेजारी वळवईकरांची काकू उभी,
चतुर्थीच्या माटोळीचं सामान पोटाशी धरून,
'कोणावर गेली गो ही?' विचारून विचारून दमलेली.
मी मोठ्यानेच म्हटलं, दुसऱ्या एका बाईचं.
काकू नदीकडे बघायला लागली.
तू म्हणालीस, बरं. आणि चणे मागितलेस.

मला वाटलं, जमतंय.

मग आठव्या वर्षी, तापात,
'तिने मला काय दिलं?'

मी पंचायतीत जन्ममृत्यूची वही सांभाळते, सुलक्षा.
शाईने लिहिते. चुकलं तर लाल रेघ आणि सही.
शाळेच्या प्रवेशासाठी तारीख चार दिवस मागे घे
म्हणून सरपंच स्वतः येऊन बसले होते,
त्यांना चहा दिला, तारीख नाही दिली.
आणि त्या रात्री कपाळावरची पट्टी बदलता बदलता
मी म्हटलं, अबोलीचं फूल.
तुझ्या मुठीत होतं. बहुधा तिनेच ठेवलेलं.

'बहुधा' नव्हतं म्हटलं मी.
ते आत्ता घालते आहे.

तू विहिरीजवळ अबोली लावलीस.
शाळेत रिद्धेश म्हणाला, तुला टाकलेली,
तर तू म्हणालीस, टाकणारे फूल देत नाहीत.
बाईंनी मला हे बोलावून सांगितलं, कौतुकाने.
घरी येऊन मी भात लावला
आणि करपवला.

आज मडगावहून परतताना फाईल तुझ्या हातात.
सिस्टर आता नाहीत,
नव्या बाईंनी झेरॉक्स काढून दिली, पिन मारून.
वजन दोन किलो शंभर.
दुपटं, एक.
इतर वस्तू: नाही.
त्या 'नाही'वर तू बोट ठेवलंस
तेव्हा फेरी सुटली होती.
लांब पणजीकडे कॅसिनोंचे दिवे पाण्यात पसरलेले,
इंजिनाच्या धडधडीत कबुली ओरडून देता येत नाही,
म्हणून तुझ्या कानाशी आले.
फूल माझं, म्हटलं.
तिने काही ठेवलं नाही,
की ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं,
की ठेवलं होतं आणि कोणी लिहिलं नाही,
मला माहीत नाही.
तिच्याबद्दल मला काहीच माहीत नाही, बाय.

तू पलीकडच्या खारफुटीकडे बघत राहिलीस.
नदी अर्धी झाल्यावर म्हणालीस, 'दुपटं?'
दुपटं खरं.
'निळं?'
निळं. धुऊन धुऊन पांढरं झालंय.
वरच्या खणात आहे, डांबरगोळ्या घालून.
'बाबाची पायरी?'
ती तर खरीच. अजून गुडघा धरतो त्याचा.

फळी टेकायच्या आधीच सगळ्यांनी गाड्या सुरू केल्या,
नेहमीसारख्या.
तू मागे बसलीस,
नेहमीपेक्षा वीतभर लांब,
आणि चढणीवर, हेल्मेटमधून,
'पुढच्या वेळी सांगताना
फूल नको घालू.
विहिरीजवळचं असू दे.'