पालकांचे शिक्षण

कोडियाक बंदर, रात्रीचे अकरा.
आनालिनचा फॉर्म तिसऱ्या पानावर अडलाय.
शाळेबाहेरचे उपक्रम : वादविवाद, व्हायोलिन, नौकानयन…
सॅमन साफ करणं यादीत नाही.
ती 'इतर'वर टिचकी मारते.
आठवड्याचे तास? बावीस.
नेतृत्वाचा अनुभव?
नव्या बायकांना सुरी धरायला शिकवली,
एकीचंही बोट गेलं नाही,
हे पन्नास अक्षरांत कसं बसवायचं?

पुढचा चौकोन :
घरातून कॉलेजात जाणाऱ्या तुम्ही पहिल्याच का?
'हो' म्हटलं तर अर्जाची फी माफ.
पंचाहत्तर डॉलर.
म्हणजे कारखान्यातल्या थंड टेबलापाशी साडेचार तास.

आई सिंकशी उभी, लिंबाच्या फोडीने हात चोळतेय.
वास जात नाही. ती चोळते.
इलोइलोच्या कॉलेजात सहा वर्षं
तिने रसायनशास्त्र शिकवलं होतं.
पदवी तांदळाच्या डब्यामागे आहे,
इथे कुणी मागितलीच नाही.

आनालिनचं बोट 'हो'वर.
"काय विचारतायत गं?" आई पाठमोरीच.
ती वाचून दाखवते.

नळ बंद होतो.

"नाही लिही," आई म्हणते.
"आणि पुढे विषय विचारला असेल
तर स्पेलिंग मला विचार."