एका वेळी एकच वाचक

ग्युम्रीत रात्रीचे दोन. हीटर बंद.
हातमोज्यांमुळे नाझेलीचा पासवर्ड
दोनदा चुकतो.

येरेवानच्या ग्रंथालयातली व्हायोलाची स्वरलिपी
उघडत नाही:
‘सध्या दुसऱ्या वाचकाकडे आहे.’

दुसरा वाचक. या वेळी.
म्हणजे आणखी कुणाची तरी
सोमवारी परीक्षा आहे,
आणखी कुणाचा तरी करंगळीचा स्वर
जरासा उतरतोय.

चहा निवतो.

तीनला पान उघडतं. पिवळट स्कॅन,
कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा,
आणि सहाव्या ओळीवर पेन्सिलीनं
कुणीतरी कधीकाळी लिहिलेलं:
‘इथे घाई नको.’

ती मोजे काढते.
शेजारी झोपलेत, म्हणून
गजाशिवाय, नुसत्या बोटांनी
तेवढी ओळ वाजवते.

मग लगेच लॉग आउट.
कुणी ताटकळत असेल.