बेडका

शब्द ओंगळ आहे, मान्य.
कवितेत आणू नये असा.
पण थाबा-त्सेकाच्या प्रयोगशाळेत
मी दिवसभर त्याचीच वाट बघते.

मंगळवारी डोंगरातून घोडेस्वार उतरतो.
खोगिराला बांधलेल्या पेटीत
बर्फाच्या पिशव्यांमध्ये अठरा डब्या.
एकेक उजेडाकडे धरते:
पाणी. फेस. पुन्हा पाणी.
एकीत मक्याच्या लापशीचा कण तरंगतोय.
थुंकी सगळी.

लोक सभ्य असतात, हीच पंचाईत.
नर्सबाईंसमोर, सुनेसमोर
छातीचा तळ कोण ढवळून दाखवील?
ओठातलं देतात,
पोटातलं गिळून टाकतात.

न्ताते सेखोबेंची डबी अशीच होती, नितळ.
मी काचेवर पसरली, लाल रंगात तापवली,
आम्लाने धुतली, निळा चढवला,
आणि नियमाप्रमाणे शंभर वेळा काच सरकवून पाहिलं.
निळं. निळं. नुसतं निळं.
'जंतू आढळले नाहीत,' मी लिहिलं.
खोटं नव्हतं ते.
डबीत नव्हतेच.

तेव्हा मे होता.
ऑगस्टात एक डबी आली: केनेउवे सेखोबे, वय नऊ.
एवढ्या पोरांना बेडका काढता येत नाही म्हणतात.
हिने काढला होता,
घट्ट, पिवळसर, करंगळीच्या पेराएवढा.
आणि भिंगाखाली, निळ्यावर, लाल काड्या.
कुणी काडेपेटी उपडी करावी तशा.

घोड्यावर बसायची मला भीती वाटते.
तरी गेले.

दगडी भिंतीला टेकून म्हातारा उन्हात बसलेला,
ब्लँकेट छातीशी पिनेने अडकवलेलं,
पायाशी दहिवर अजून पांढरं.
मी पाठ असलेलं म्हणून दाखवलं:
चूळ भरा. दोन श्वास खोल घ्या.
तिसरा आत धरा, मग बेंबीच्या देठापासून खोका.
ते मान हलवत राहिले,
अगदी सभ्यपणे.

मग मी म्हटलं, न्ताते,
सोन्याच्या खाणीत बावीस वर्षं होतात ना?
वरवरची खडी भरून गाडी पाठवली असती
तर मुकादम काय म्हणाला असता?

ते हसले.
हसू खाली उतरलं, फार खाली,
जिथे पाळणा जात असे, दिवे लावावे लागत तिथे,
आणि येताना
काहीतरी घेऊन वर आलं.

सुनेने तोंड फिरवलं. कोंबड्या पांगल्या.
वारा माझ्या पाठीकडून वाहत होता,
उभं कुठे राहायचं हे तेवढं मला कळतं.
झाकण लावून
त्यांनी डबी दोन्ही हातांनी पुढे केली,
इथे काहीही देतात तशी,
आणि विचारलं, "आता बरी आहे?"

बरी होती.
बरी म्हणजे गढूळ, चिकट, रक्ताची एक रेघ असलेली,
मी आजवर हातात घेतलेल्या डब्यांत
सगळ्यात खरी.
परतताना ती मांडीवर धरून बसले,
घोड्याला विसरून.

अर्जावर एक रकाना असतो: नमुन्याचा दर्जा.
त्यात लिहिलं, उत्तम.

मग फाइलमधून मेचा कागद काढला.
रकाना त्यावरही होता.
माझ्याच सहीच्या वर,
कोरा.