कच्चं लिंबू

काच उतरवून भिंतीला टेकवली
तेव्हा कर्टिस म्हणाला, जरा सोपं करून दे ना,
लोक एक डाव खेळतात आणि डार्ट्सकडे वळतात.
मी वाकून रबराच्या कड्या बदलत होते,
दातांत स्क्रू होता,
म्हणून काही बोलले नाही.

डुलुथचा जानेवारी. सरोवर काठाशी गोठलेलं,
जहाजं धक्क्याला बांधून झोपलेली,
आणि या बारच्या कोपऱ्यात चार दिवस बंद पडलेली
'वादळाची राणी'.
वरच्या काचेवरची कप्तानीण एकाच डोळ्याने बघत होती,
दुसऱ्यामागचा दिवा गेलेला.

मागच्या पायांचे बोल्ट मी दोन आटे उंच केले.
सोपं नाही, कर्टिस. उतार वाढवलाय.
आता चेंडू अंगावर येईल,
पण गेला तर कळेल कुठून गेला
आणि कुणाच्या बोटाला उशीर झाला.
ही दोन फ्लिपरमधली फट बघ,
चेंडूहून जराशीच मोठी.
त्या जराशीसाठी लोक नाणी मोडून आणतात.

मग त्याला आर्वोचं सांगितलं.

गुरुवारी येतो तो, आर्वो निस्कानेन,
खनिजाच्या बोटींवर इंजिनखोलीत आयुष्य गेलेला.
आता उजवा हात थरथरतो.
नुसता टेकवला तरी आत ओळंबा कडीला लागतो,
सगळे दिवे एकदम जातात, फ्लिपर मरतात,
आणि चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत
आरामात खाली चालत जातो.

नोव्हेंबरात मी ओळंबा वर सरकवला,
निमुळतं टोक तेवढं कडीत राहील असा.
कुणाला बोलले नाही.
त्या गुरुवारी तिसऱ्या चेंडूवर त्याने
पाटीवरचा सगळ्यात मोठा आकडा मोडला.
फुकट डावाचा ठोका पडला – ठक्क! –
बारमधले लोक टाळ्या वाजवायला लागले.
तो फुकटचा डाव तसाच सोडून
कोट अडकवायच्या खुंट्यांपाशी माझ्याकडे आला.

"कमरेने धक्का दिला मी तिला," म्हणाला,
"खरा धक्का. तिने हूं की चूं केलं नाही.
कुणीतरी मला कच्चं लिंबू केलंय."

लहानपणी अंगणात खेळताना
धाकट्या भावाला आम्ही बाद करायचो नाही.
तो धावायचा, ओरडायचा, जिंकायचाही,
आणि एक दिवस घरात जाऊन बसला
तो परत खेळायला आलाच नाही.
मला इतक्या वर्षांनी तो आठवला.

"पूर्वीसारखी लाव," आर्वो म्हणाला.
लावली.

पुढच्या गुरुवारी आठ नाणी. सहा वेळा अंधार.
सातव्याला त्याने तळवा उचलून धरला,
बटणावर फक्त एक बोट,
डावी मांडी यंत्राच्या पायाला टेकलेली.
चेंडू कडेच्या खुंटावर येऊन डचमळला,
बाहेर की आत, बाहेर की आत,
आणि आर्वोने श्वास सोडला.
एवढंच. धक्का म्हणावा असंही काही नाही.
ओळंबा हलला असेल, लागला नाही.
चेंडू आत आला.

आकडा काही फार नव्हता.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कुणी बघतच नव्हतं.
तो माझ्याकडे वळलासुद्धा नाही,
डाव्या हाताने खिसा चाचपत होता.

एवढं सांगेपर्यंत कप्तानिणीचा दुसरा डोळा लागला.
काच बसवली, बोटांचे ठसे पुसले.
खेळून बघ, म्हटलं.

कर्टिसने स्प्रिंग ओढून सोडली.
चेंडू वर गेला, तीन घंट्या वाजवल्या,
डावीकडून सरळ खाली आला
आणि मधल्या फटीतून गेला.
अकरा सेकंदं.

"छे! मी लवकर मारलं."
दुसरा गेला. "हा उशिरा."
तिसऱ्याला तो काहीच बोलला नाही,
नुसता ओठ चावत राहिला.

हत्यारं आवरून मी पैसे मागायला वळले
तर तो काउंटरच्या मागे,
स्वतःच्याच गल्ल्यात हात घालून
नाणी शोधत होता.