डावी नळी

बस्त्यांव मेस्त्रीनं आधी बंदूक बघितलीच नाही.
परवाना बघितला.
दोन्ही कान दिसतील असा आबांचा फोटो,
खाली सही, र. ज. आरोलकर,
शेतीसंरक्षणार्थ, वानर व रानडुक्कर.
मग काडतुसांच्या नोंदी:
दहा, दहा, दहा, पाच,
मग दोन,
मग काहीच नाही. नुसत्या पावत्या,
निवडणुकीच्या निवडणुकीला ठाण्यात जमा केल्याच्या,
घडीवर तेलाचा डाग.

मग गोणपाट सोडलं.

शिरोड्यात मिठागराच्या वाटेवर त्याचं दुकान,
दारात उभं राहिलं तरी ओठ खारट होतात.
इथं बंदुका दुरुस्त करणं म्हणजे
पाण्यात बसून चूल फुंकणं, मी म्हटलं.
तो हसला नाही.
"गंजता म्हणान तर माझा पोट भरता, बाय."

दस्त्यापासून नळ्या सोडवल्या,
एका बोटावर टांगल्या
आणि पेचकसाच्या लाकडी मुठीनं टक् केलं.
आवाज बराच वेळ दुकानात राहिला.
"जोड सुटाक नाय."
चिंधीनं पुसल्यावर नळ्यांवर रेषा उमटल्या,
ओहोटीनंतर पुळणीवर राहतात तशा.
"पट्टे पिळून केलली. बेल्जमची.
देखणी आसा, पण आताच्या काडतुसाक सोसाची नाय."

उजवी नळी त्यानं उजेडाकडे धरून मला दिली.
आत देवी आलेल्या तोंडासारखे खड्डे.
डावी दिली.
आत दूरवर एक गोल, स्वच्छ,
त्यात माडाच्या झावळीचं टोक हलत होतं.

"उजवा चुकला, डाव्यानं घातला,"
आबा बिबट्याची गोष्ट सांगायचे
पाहुण्यांचा चहा गार होईपर्यंत.
साल दर वेळी वेगळं.
मी ते मेस्त्रीला सांगितलं नाही.

तो डाव्या घोड्यावर भिंग धरून होता.
"ह्येची चोच घासल्यान हा कोणीतरी. कानशीन.
लोहारान न्हय. लोहार एकाच बाजून घासता.
ह्यो हात जाता-येता घासता,
विळी परजतत तसो."

आमच्या चुलीमागं फळीवर कानस असायची.

"कधी?"
"तीस वर्सा तरी."

तीस वर्षांपूर्वी बांधाची केस चालली होती,
अप्पाकाकांकडचं पाणीसुद्धा बंद होतं,
आणि आबा रात्री पडवीत बसायचे,
डुकरं नसलेल्या महिन्यांतही,
बंदूक मांडीवर.
उजवी का सोडली?
वानरांसाठी ठेवली असेल.
किंवा घासता घासता
कुणाला तरी जाग आली असेल.

"पण आबांना कळलंच असेल ना?"
"चाप ओढल्यार कळताच.
अर्ध्या तासाचा काम, बाय.
ह्याच वाटेन बाजारात जायत. हात करीत.
कधी थांबाक नाय."

बारा हजार म्हणाला. चोच नवी केली तर अठरा.
बेळगावहून भावाचा फोन, "मग करून टाक की नवी,
सहा हजार काय झाडाला लागलेत?"
रेंज गेली म्हणून बोलणं तिथंच राहिलं,
म्हणजे मीच ठेवला.

मेस्त्रीनं पैसे घेतले नाहीत.
तेलाचा एकच थेंब लावला, डाव्या घोड्याला,
आणि गोणपाट माझ्यापेक्षा नीट बांधून दिलं.

आई मागच्या दारी ओला काजू सोलत होती,
बोटांना राख लावून.
"काय म्हणाला?"
"उजवी खराब झालीय म्हणाला."
"ती खराबच होती," म्हणाली,
आणि राखेची वाटी जवळ ओढली.

डावीचं तिनं विचारलं नाही.